निळ्या होडीचं शून्य

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. पोटात दिवा, वर काच, डोक्यावर भिंग. काचेवर लिहिलेलं भिंतीवर मोठं करून दाखवायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या शाळेत आलो. इथं समुद्रातली शेवंडं धरणाऱ्या कोळ्यांची मुलं शिकत.

साहित्य शिकवायला थर्स्टनबाई होत्या, दूर कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातून आलेल्या. माझ्या काचेवर पारदर्शक कागदावरची त्यांची एक यादी कायम असे. पांढरा म्हणजे पवित्रता, कबुतर म्हणजे शांतता, निळा म्हणजे समाधान. मुलं घोकत. मला संताप यायचा. गोष्ट न वाचताच अर्थ कळत असेल तर ती लिहायची कशाला? पण यंत्राला विचारतो कोण!

रोवीना बील आधी नापास झालेली. पुन्हा झाली की शाळा बंद, आणि मासळीच्या कारखान्यात आईशेजारी उभं राहून तारली मासे डब्यात भरायचे, हे घरात ठरलेलं होतं. परीक्षेत गोष्ट आली. एक म्हातारा कोळी होडीला निळा रंग देतो आणि समुद्रावर जातो. निळा रंग काय सुचवतो? सगळ्यांनी समाधान लिहिलं. रोवीनानं लिहिलं, ‘तो परत येणार नाही.’ बाईंनी शून्य दिलं. त्या शून्यानं ती नापास.

“बाई, होडी कुणी निळी रंगवतं का?” ती उसळली.

“का? छान दिसते की.”

मागच्या बाकावरचा वेस्ली खिदळला. “माझ्या बापाला होडी निळी रंगव म्हणून सांगून बघा बाई. धक्क्यावरून ढकलून देईल तुम्हाला!”

“निळी होडी बुडते. शेंबडं पोरही सांगेल,” रोवीना म्हणाली.

बाई खिडकीशी गेल्या. बंदरात पांढऱ्या, हिरव्या, लाल होड्या डुलत होत्या. निळी एकही नव्हती. रोज बघूनही हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पण बाईही खमक्या. “हे तुमच्या धक्क्याचं झालं. गोष्टीत कुठं आहे ते दाखव. नाहीतर शून्य तसंच राहील.”

रोवीनानं गोष्टीतल्या ओळींवर बोट ठेवलं. “हे बघा. कुत्रा शेजाऱ्याला देऊन टाकला. बायकोनं डबा दिला, तर म्हणतो, राहू दे. आणि मग होडी निळी केली. घरी यायचं असतं तर असं केलं असतं का त्यानं?”

बाईंनी त्या ओळी पुन्हा वाचल्या. 

मग त्यांनी माझ्यावरची यादी उचलली आणि टराटरा फाडली. “चुकलं माझं, पोरी. पास आहेस तू.” त्या दिवशी भिंतीवर माझा नुसता उजेड पडला होता. इतका मोकळा मी कधीच नव्हतो.

आता मी अडगळीत आहे, दिवा गेलाय. पण तक्रार नाही. रोवीनाचे आणि चूक कबूल करणाऱ्या बाईंचेही उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. गोष्टी मात्र जपून वाचा. कुणी अर्थ आयता हातात ठेवला तर आधी गोष्टीत शोधा. सापडला नाही तर उभं राहून तसं सांगा, पुढ्यात शून्य असलं तरी.