शंभरातली सतरावी प्रत

"अरे, पर खिडकी रिकामी काऊन हाये?" भैयालालने टपालाने आलेलं चित्र खाटेवर पसरलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

छोट्या लाइनचं, नॅरोगेजचं ते डिझेल इंजिन त्याने एकोणीस वर्षं चालवलं, गोंदियाहून बालाघाटकडे. चित्रकार पुण्याचा. जुन्या डिझेल इंजिनांची चित्रं काढायची, प्रत्येकाच्या शंभरच प्रती छापायच्या, वर नंबर नि सही. या इंजिनाची माहिती विचारायला तो दोन वर्षांपूर्वी कुडव्याला, भैयालालच्या घरी आला होता. भैयालालने दिवसभर बसून सगळं सांगितलं. बदल्यात एकच मागितलं: डावीकडच्या खिडकीत आपला असिस्टंट रत्नपाल काढायचा. काविळीने पस्तिशीतच गेलेला, सोन्यासारखा माणूस! त्याच खिडकीतून वाकलेला त्याचा एकुलता एक फोटो भैयालालने फुलचूरला जाऊन त्याच्या बायकोकडून, अल्काकडून, आपल्या जबाबदारीवर आणून दिला. तिच्या लग्नाचा अल्बम वाळवीने कधीच खाऊन टाकला होता.

आता आलेल्या प्रतीवर १७/१०० नि सही होती, चित्रात गंजाचा डागसुद्धा जागच्या जागी. माणूस तेवढा नाही.

भैयालालने पुण्याला फोन लावला.

"काका, माणूस घातला की इंजिन मार खातं. लोकांना इंजिनच हवं असतं."

"मंग दुसरं छापा."

"शंभर झाल्या की संपलं. एकशे एकावी निघत नाही, तीच तर त्याची किंमत."

"बरं. फोटो तरी वापस पाठवा."

"कोणता फोटो?"

मेल्याला आठवतसुद्धा नव्हतं! "स्टुडिओ बदलला हो, शोधतो," म्हणाला आणि नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

महिनाभर भैयालाल फुलचूरचा रस्ता टाळत राहिला. शेवटी चित्र घेऊन गेला. कोणत्या तोंडाने गेला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

अल्काने चित्र उलगडलं, खिडकीवर बोट ठेवलं. मग गुंडाळी करून परत दिलं.

"हे तुमाले रायू द्या, भाऊजी. माहा फोटो द्या."

भैयालालची मान खाली गेली. "हरपला, बाई. त्यानं हरपवला."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चेहरा इसरत चालला जी," ती म्हणाली. "पोरगी इचारते, बाबाचं नाक कसं होतं? मले सांगता येत नाही. तुमी तं रोज संग होते. सांगा न, कसं होतं?"

भैयालालने डोळे मिटून ते नाक आठवून पाहिलं. अकरा वर्षं रत्नपाल त्याच्या शेजारी बसला होता, आणि भैयालालची नजर सगळा वेळ समोरच्या रुळावर होती.