झाकलेली बादली

सगळी गल्ली त्याला बंबराव म्हणायची. उभी हयात अग्निशमन दलात गेलेली, दुसरं काय म्हणणार? निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणाकडे दूध करपल्याचा वास आला की बंबराव खुर्चीतून अर्धा उठायचा. अशा माणसानं घरामागच्या फरशीवर कोळसा पेटवायला बसावं आणि तो काही केल्या पेटू नये, आता बोला!

लोखंडी पिंप अर्ध्यातून कापून, त्याला पाय जोडून, वर जाळी बसवून केलेली ती शेगडी त्याच्या बायकोची. सुट्टीच्या दिवशी ती तिथे कोंबडी भाजायची. ती वाऱ्याकडे पाठ करून उभी, लेक तिच्या पदराआड लुडबुडत, आणि बंबराव पायरीवर, हाताशी पाण्याची बादली घेऊन. बादली असल्याशिवाय शेगडी पेटवायची नाही ही त्याची अट. तिनं ती हसत मान्य केली होती. बादली तीच आणून ठेवायची, वर ताटली झाकायची. राख पडते म्हणे पाण्यात.

गेल्या वर्षी ती गेली. साधं आजारपण म्हणता म्हणता हातातून निसटली. शेगडीवर गंज चढला. आणि लेक, जिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, ती लांबच्या शहरातल्या नोकरीवर परत गेली ती गेलीच. फोन करायची, पण यायचं नाव काढलं की विषय बदलायची. शेवटी एकदा बोलून गेली, "येऊन काय करू बाबा? आई नाही, तो धूर नाही. दार उघडलं तरी घरात आल्यासारखं वाटत नाही."

बंबरावच्या काळजात चर्र झालं. पण तोंडातून भलतंच निघालं. "तू ये तर खरी. मी भाजतो कोंबडी."

"तुम्ही?" भिंगरी हसली. "बाबा, तुम्ही विझवता."

तरी रविवारी येते म्हणाली. बंबरावनं मनाशी पक्कं धरलं, की हे जमलं तर पोर येत राहील. नाही जमलं तर हे घर तिच्या लेखी संपलं.

म्हणून ही तालीम. कागद झाले, काटक्या झाल्या, पंख्यानं वारा घालून दंड भरून आले. कोपऱ्यातला एखादा कोळसा जरासा लाल व्हायचा आणि मुकाट काळा पडायचा. पलीकडच्या टेलरबाई वाळत टाकलेले कपडे काढायला आल्या होत्या. त्यांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि त्यांचं हसू काही आवरेना.

"बंबराव, कोळशांचं आपापसात भांडण झालंय का हो? सगळे एकमेकांपासून लांब लांब बसलेत ते?"

त्यानं खाली पाहिलं. खरंच की. एकेक कोळसा त्यानं सुटा मांडला होता, मध्ये नीट जागा सोडून. जळत्या वस्तू एकमेकींपासून लांब करा, हे त्यानं जन्मभर नव्या पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

"आग पसरू नये म्हणून," तो पुटपुटला.

"अहो, आज तरी पसरू द्या!"

तेव्हा त्याला बायको आठवली. कोळशाचा छान उंच ढीग रचायची. तो पायरीवरून कुरकुरायचा, "ढीग नको करूस, भडकेल." आणि ती म्हणायची, "भडकू दे ना. त्यासाठीच तर पेटवतेय." इतकी वर्षं समोर बसून त्यानं फक्त ज्वाळेवर डोळा ठेवला होता. तिचे हात काय करतात ते कधी धड पाहिलंच नव्हतं. मेल्या, पाहायचं होतंस की, त्यानं स्वतःलाच शिवी हासडली. मग चिमट्यानं सगळे कोळसे गोळा केले, ढीग रचला, पोटात कागद खुपसला. थोड्या वेळानं ढीग आतून लाल झाला. बंबरावचा जीव भांड्यात पडला.

रविवारी भिंगरी आली. दारात उभी राहून तिनं घराकडे पाहुण्यासारखं पाहिलं, ते त्याला फार लागलं. पण त्यानं तिला थेट मागच्या पायरीवर नेऊन बसवलं. दही, लसूण, लिंबू लावून कोंबडी सकाळपासून मुरत होती. अर्धी आत फ्रीजमध्ये, अर्धी बाहेर. ढीग झकास पेटला. वर पांढरी राख धरली. शेजारी बादली, काठोकाठ भरलेली.

"अरे वा, बाबा," भिंगरी म्हणाली. तुकडे जाळीवर पडले, चर्र आवाज झाला आणि तो वास आला. तोच! पोरीनं डोळे मिटले. बंबरावला वाटलं, जिंकलो.

एवढ्यात तुकड्यांची चरबी निखाऱ्यांवर ठिबकली आणि ज्वाळा भसकन जाळीच्या वर आली.

पुढचं त्यानं केलं असं म्हणता येणार नाही. ते झालं. बादली उचलली कधी, ओतली कधी, त्याचं त्याला कळलं नाही. फस्स करून वाफेचा लोट उठला, राख उडून दोघांच्या केसांवर बसली आणि आईच्या चवीची ती कोंबडी काळ्या पाण्यात निथळत पडली.

बंबराव रिकामी बादली धरून उभा.

"संपलं," तो म्हणाला. "तुझ्या आईसारखं मला काही येत नाही गं. ती असताना इतक्या वेळा जाळ उठला, एकदाही मी बादली ओतली नाही. आजच कशी अवदसा आठवली!"

भिंगरीनं तोंडावरची राख पुसली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की रडू, सांगता येत नव्हतं.

"ओतणार कशी? ती बादली रिकामी असायची, बाबा."

"काय?"

"आई ताटली झाकून रिकामीच आणून ठेवायची. मला दाखवलं होतं तिनं. म्हणायची, तुझ्या बाबांना शेजारी बादली लागते, असू दे. पण भरलेली दिली तर एक दिवस आपलं जेवण पोहायला जाईल."

"आणि मी उचलली असती तर?"

"तुम्ही उचलायला जायचात ना दरवेळी. आई तुमचं मनगट धरायची. डोळे जाळीवर, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात तुमचं मनगट. म्हणायची, बसा हो, ज्वाळा बसते आपोआप. आठवत नाही?"

आठवत होतं. आजवर त्याला वाटायचं, ती लाडानं हात धरते. बंबराव मटकन पायरीवर बसला आणि पोरीसमोर ढसाढसा रडला. बायको गेल्यावर पहिल्यांदाच.

भिंगरीनं त्याला रडू दिलं. मग ओले कोळसे काढून टाकले, कोरड्यांचा ढीग रचला, फ्रीजमधली उरलेली कोंबडी आणली. पुन्हा चर्र झालं, पुन्हा जाळ उठला. बंबरावचा हात निघाला. तिनं मान न वळवता त्याचं मनगट पकडलं.

"बसा हो," ती म्हणाली.

जाळ आपोआप खाली बसला. एका बाजूनं करपलेले ते तुकडे दोघांनी बोटं चाटून खाल्ले. निघताना भिंगरी दारातच घुटमळली. "मसाल्याला मीठ कमी पडलं बाबा. पुढच्या महिन्यात येते, तोवर सराव करा."

पुढच्या रविवारी बंबराव एकटाच मागे आला. ढीग रचला, पेटवला, दोनच तुकडे टाकले. पायरीवर बसला, बायको उभी राहायची ती जागा सोडून जरा बाजूला. शेजारी बादली ठेवली. रिकामी. वर ताटली झाकली.

चरबी ठिबकली, ज्वाळा भसकन वर आली. उजवा हात उठला. भिंगरी लांब होती आणि दुसरी कुणी आता येणार नव्हती. बंबरावनं डाव्या हातानं स्वतःचंच मनगट घट्ट धरलं.

"बसतोय गं," तो म्हणाला. "बसलोय बघ."