मणी आणि मनगट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी आमची संस्था. तिचे सगळे स्वयंसेवक निळे कोट घालून दाटीवाटीने उभे होते. मधोमध संचालिकाबाईंनी बोलावलेले तेजोगुरू माझ्या धाकट्या, निळ्या कोटातल्या बहिणीसमोर उभे.

"हात खांद्याच्या रेषेत सरळ धरा, ताई. मी दाबतो. पडू द्यायचा नाही."

त्यांनी दाबला आणि हात लगेच खाली आला.

"बघितलंत? हे शरीर दमलेलं नाही. 'मी सेवा करते' म्हणणारा आतला 'मी' दमलाय. आता हा मणी मुठीत धरा. ब्रह्मांडातली ऊर्जा तुमच्या बोटांतून वाट काढत येतेय... आली."

पुन्हा दाबला. हात जागचा हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता सुट्ट्या मागायची सोय राहिली नाही," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मला हसू आलं नाही. मी तिथे रुग्णांना पेपर वाचून दाखवायला जातो, त्यामुळे तिथली रीत मला माहीत होती: रुग्णाला उचलायचं ते दोघांनी मिळून. त्या दिवशी संचालिकाबाईंनी भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक नावापुढचं जोडीदाराचं नाव पुसून टाकलं. मण्याची शक्ती असल्यावर दुसरा माणूस कशाला?

घरी बहीण भाजी चिरत होती. सुरी दोनदा तिच्या हातातून सुटली.

"मणी कुठे गेला तुझा?" मी विचारलं.

"दादा, तुला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे. खरंच बरं वाटतं रे मला."

"वाटत असेल. हात मात्र वेगळंच सांगतोय."

ती पुन्हा भाजी चिरायला लागली.

त्याच आठवड्यात संस्थेतल्या एका रुग्णाला, शिंपीकाकांना, पलंगावरून खुर्चीत बसवताना तिचे हात सुटले. काका फरशीवर पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेजोगुरूंनी तिला समजावलं, "शक्तीत खोट नव्हती. तुमच्या मनात शंका होती. घरातल्याच कुणाची तरी सावली." आणि प्रायश्चित्त म्हणून पुढचा आठवडा तिने एकटीने जास्तीची पाळी करायचं ठरलं. ती तयारही झाली. मी अडवायला गेलो तर म्हणाली, "माझ्यामुळे एक माणूस मोडला, दादा. तू मध्ये पडू नकोस."

मग मी तेजोगुरूंच्या पुढच्या बैठकीला गेलो. मास्तरकीतून निवृत्त झालो, शाळा सुटली, तरी खिशातला खडू सुटलेला नाही. गुरूंनी तिला पुन्हा पुढे बोलावलं, तेव्हा मी उठलो आणि तिच्या निळ्या बाहीवर मनगटापाशी एक गोल काढला.

"एवढंच करा, गुरुजी. दोन्ही वेळा इथेच दाबा."

"शक्ती खडूने मोजत नाहीत, मास्तर."

"मी शक्ती मोजत नाही. तुमचा हात कुठे पडतो तेवढं बघतोय."

ते लोकांकडे बघून हसले. "शंकेखोरासमोर ऊर्जा लाजते."

"मग मीच दाबतो. मला लाज नाही."

मणी तिच्या मुठीत असतानाच मी मनगटावर दाबलं. हात पडला. मग तो मणी काढून माझ्या खिशात टाकला आणि तेवढ्याच जोराने कोपराच्या वर, खांद्याकडे दाबलं. हात तसाच राहिला. बहीण आपल्याच हाताकडे बघत होती.

स्वयंपाकघरातल्या मावशींना मी दाराशी बोलावलं. "कडीपाशी एका बोटाने ढकला." दार सहज उघडलं. "आता बिजागरीपाशी."

मावशींनी जोर लावला. "अहो, हे हलतच नाही की."

"खांदा ही हाताची बिजागरी. लांबून दाबलं की हात पडतो, जवळून दाबलं की टिकतो. तुम्ही मण्याकडे बघत असता, तेवढ्यात गुरुजींचा पंजा खांद्याकडे सरकतो. बाकी ऊर्जा वगैरे काही नाही."

तेजोगुरूंना नेमका तेव्हाच फोन आला. बोलत बोलत ते बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. तरी काही जणांनी मणी हळूच खिशात ठेवले, ते मी पाहिलं.

संचालिकाबाईंचा आवाज चिरकला. "फार छान शिकवलंत, सर. आता माणसं कुठून आणू तेही शिकवा. महिन्यागणिक लोक सोडून जातात."

"ते का गेले, विचारलंत कधी?"

"सेवाभाव कमी पडला."

"इथे 'दमलो' म्हणायची सोय नव्हती, बाई. जेवढे रुग्ण दोघादोघांनी उचलता येतील तेवढेच घ्या. दमलेल्याला घरी पाठवा, आणि परत आला की कसा आहेस ते विचारा. मणी देणं सोपं आहे. म्हणून कुणी चमत्कार पुढे केला की विचारा, याने नेमकं कुणाचं काम टळतंय."

माझ्याकडेही नवीन माणसं नव्हतीच.

बहीण जवळ आली. "म्हणजे काका माझ्या शंकेमुळे पडले नाहीत?"

"नाही. तुझे हात थकले होते."

"पण पडले माझ्याच हातून ना." तिने फळ्यापाशी जाऊन त्या आठवड्याच्या पाळीतलं स्वतःचं नाव पुसलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

संचालिकाबाई फळ्यावरच्या त्या रिकाम्या जागेपाशी गेल्या. मग त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला, तिथे स्वतःचं नाव लिहिलं, शेजारी जागा सोडली आणि वळून विचारलं,

"माझ्याबरोबर उचलायला कोण येईल?"