बोट लागलेलं वजन

मुलांनो, डोळे मिटा असं मी सांगणार नाही. मिटलेत तर वाचाल कसं? उघड्या डोळ्यांनीच एक खोली समोर आणा. खिडकी एकच, तीही घट्ट बंद, कारण इथे वाऱ्याची झुळूकही चालत नाही. मधोमध दगडी टेबल. त्यावर काचेच्या पेटीत वजनकाटा, इतका नाजूक की पापणीचा केस ठेवलात तर त्याचंही वजन सांगेल. हा औषधांचा कारखाना आहे, आणि देश परका.

काट्यासमोर आत्या बसली आहे. काटे खरं बोलतात की नाही, हे तपासणं तिचं काम. त्यासाठी ती देशोदेशी जाते. या वेळी शाळेला सुट्टी होती, म्हणून भाचीलाही बरोबर आणलं. भाचीला घरात सगळे घाईताई म्हणतात. का, ते कळेलच.

काम दोन दिवसांचं. आज दुसरा दिवस, आणि रात्री विमान. फिरायला उरला होता जेमतेम तासभर. खिडकीतून नदीवरचा पूल दिसत होता. तो रोज एकदाच, पाच वाजता, जहाजांसाठी मधोमध उघडायचा. घाईताईला तेच बघायचं होतं.

"आत्या, साडेतीन झाले."

"माझ्याकडेही घड्याळ आहे, घाईताई. तू आकडे लिही. आणि वजनांना..."

"हात लावायचा नाही. शंभरदा सांगितलंस!"

आत्याच्या पेटीत तपासणीची वजनं होती. सगळ्यांत लहान वजन म्हणजे धातूचं नखाएवढं पातळ पान, एक कोपरा वर वळलेला. ते फक्त चिमट्याने धरायचं. बोट लागलं की बोटाचं तेल त्याला चिकटतं आणि वजन बदलतं.

तेवढ्यात कारखान्याच्या तपासनीस बाई दारात आल्या. आत्या दोन मिनिटं त्यांच्याशी बोलायला बाहेर गेली.

आता एकच वजन राहिलं होतं. घाईताईने विचार केला, मी ठेवून दिलं तर तेवढाच वेळ वाचेल. तिने चिमट्याने पान उचललं. ते निसटून टेबलावर पडलं. तिने पटकन दोन बोटांनी उचललं, काट्यावर ठेवलं, काच बंद केली आणि खुर्चीत येऊन बसली.

आत्या परतली. "अरे वा, मदतनीस! चिमट्यानेच ठेवलंस ना?"

"हो."

आत्याने आकडा पाहिला आणि कपाळाला आठी घातली. पान तीनदा उचलून ठेवलं. तिन्ही वेळा आकडा किंचित जास्त.

"काटा थोडा पुढे पळतोय," ती म्हणाली. तिने काट्याची कळ दाबून आकडा बरोबर करून घेतला आणि 'तपासला' अशी पट्टी चिकटवून सही केली. "कारखान्यालाही घाई आहे बघ. तान्ह्या बाळांच्या तापाचं औषध पाच वाजता याच काट्यावर मोजायला घेणार आहेत."

घाईताईला कळलं, काटा खरा होता. खोटं बोलत होतं ते वजन. आणि आता त्या वजनावरून काटाच बिघडवला गेला होता.

दोघी बसने नदीकाठी पोहोचल्या तेव्हा पाचला दहा कमी होते. कठड्याशी माणसांची दाटी. आत्याने वजनांची पेटी पायाशी ठेवली आणि लहान मुलीसारखी टाचा उंचावून पाहू लागली.

"वीस वर्षं फिरतेय मी," ती म्हणाली. "विमानतळ, कारखाना, विमानतळ. विचारलं कोणी, तिकडे काय पाहिलंस, तर सांगायचं काय? काटे! आज पहिल्यांदा काहीतरी बघणार, तेही तुझ्यामुळे."

आता कसं सांगायचं? घाईताईने दोन्ही बोटं फ्रॉकला घासली. पुन्हा घासली.

"तोंड का पाडलंयस? भूक लागली?"

"नाही."

पाचला सात कमी. पुलावरची वाहनं थांबली. थोडासाच तर फरक, तिने मनाला समजावलं. पण तान्ह्या बाळाला औषधही थोडंसंच देतात. घरी तिचा धाकटा भाऊ चार महिन्यांचा होता. त्याला औषध देताना आई थेंब मोजायची आणि कोणालाही मध्ये बोलू द्यायची नाही.

पुलावर घंटा झाली. सगळ्यांचे फोन वर गेले.

"बघ, बघ, हलला!" आत्या म्हणाली.

"आत्या, मी ते पान बोटांनी उचललं."

आत्याने मान वळवली. क्षणभर तिला कळलंच नाही.

"चिमट्याने म्हणालीस ना?"

"खोटं बोलले. कारखान्यात फोन कर. तो काटा वापरू नका म्हण. आपण परत जाऊ."

आत्या पिशवीत फोन शोधू लागली. मागे दुसरी घंटा झाली, पूल करकरला आणि गर्दी ओरडली.

घाईताईने वळून पाहिलं नाही. तिने वजनांची जड पेटी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि गर्दीतून वाट काढत, पुलाकडे पाठ करून, बसथांब्याकडे चालू लागली. चालता चालता ओरडली, "आत्या, उचलला का त्यांनी फोन?"