गवसणी: अर्थ आणि वापर

मंगळवारी दुपारपासून मी 'अमक्याला गवसणी घातली' म्हटलं की त्या वस्तूवर खरोखरच गवसणी चढते. कापड तांबडं, अस्तर माझ्याच दुकानातलं, टाकाही माझाच. मिरजेत चाळीस वर्षं मी तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवतोय, माझा टाका मला कुठंही ओळखू येतो.

याला कारण शब्दकोशाच्या कचेरीतले जोगदंड. ते वही घेऊन आले आणि न विचारता माझ्या स्टुलावर बसले.

"गवसणी म्हणजे काय?"

"वाद्याची खोळ. धूळ बसू नये, धक्का लागू नये म्हणून घालतात."

"वाक्यात वापरून दाखवा."

आता हे काय मागणं झालं? "घड्याळाला गवसणी घातली," मी वैतागून म्हटलं. भिंतीवरच्या घड्याळावर तांबडं कापड चढलं आणि टिकटिक थांबली. जोगदंडांनी वर न बघता वाक्य उतरवून घेतलं.

"आणखी एक."

दुकानामागेच आमचं घर. आत गॅसवर दूध उतू जायच्या बेतात होतं. "दुधाला गवसणी घातली." जाऊन बघतो तर पातेलं कापडात, खाली जाळ, आणि कापड गार. बराच वेळ जाळ तसाच ठेवला. मग बटणं काढली, तसं दूध लगेच उतू गेलं. माझं डोकंच चालेना.

"म्हणजे आतल्या वस्तूला काही होत नाही," जोगदंड बाहेरून म्हणाले. "असा अर्थ लिहू?"

"लिहा की. मला काय विचारता?"

तेवढ्यात आतल्या पलंगावर माझ्या बायकोला, शालनला, खोकल्याची उबळ आली. शुक्रवारी तिच्या फुफ्फुसाचं ऑपरेशन आहे. काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला फार भीती वाटते.

"शेवटचं उदाहरण," जोगदंड म्हणाले.

"शालनला गवसणी घातली."

खोकला अर्ध्यात थांबला. पलंगावर तांबडी गवसणी उठून बसली. खांद्याचं माप अगदी बरोबर होतं. जोगदंडांनी वही मिटली, चहा नको म्हणाले आणि गेले.

"अहो," गवसणीच्या आतून शालन म्हणाली, "खोकला गेला बघा."

"बरं वाटतंय?"

"बरं नाही, वाईट नाही. काहीच वाटत नाही मला. काढा हे आता."

"काढतो."

"शुक्रवारी जायचंय ना आपल्याला?"

"हो."

"मग काढा की. बटणं कुठंयत?"

मी कापडावरून हात फिरवला. आतून तिचा हात माझ्या हाताच्या मागोमाग येत होता.

"शोधतोय," मी म्हटलं. पहिलं बटण माझ्या तळहाताखाली होतं.