रिकाम्या खुर्चीवरचा श्रोता

सुलेखाताई अमेरिकेत प्लेनोला मुलाकडे राहायला आल्या की शनिवारी संध्याकाळी घरात कीर्तन व्हायचं. आता कीर्तन म्हणजे काय, तर सोफ्यावर सुलेखाताई, समोर गालिच्यावर मांडी घालून नात इला, आणि शेजारी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची, रिकामी. जिथे देवाची कथा चालते तिथे मारुतीराय ऐकायला येतात, म्हणून त्यांची जागा ठेवायची, ही सांगलीच्या त्यांच्या राममंदिरातली रीत. तिथे पाट असायचा, त्यावर धुतलेलं वस्त्र. इथे खुर्ची आणि तिच्यावर इलाचा स्वच्छ टॉवेल. सुलेखाताई काही कीर्तनकार नव्हेत, पण आयुष्यभर बुवांसमोर पहिल्या रांगेत बसून आख्यानं त्यांच्या अंगात मुरली होती. झोपेतून उठवून सांगा म्हटलं तरी चालीसकट सांगतील.

त्या वसंतात मुलाने, सुशांतने, जोडून सुट्टी काढली आणि सगळ्यांना गाडीत घालून न्यू ऑर्लिन्सला आणलं. मिसिसिपीच्या काठी फ्रेंचांनी वसवलेलं हे जुनं बंदर. सकाळी सकाळी चौकातल्या कॅफेत बसून त्यांनी तळलेल्या चौकोनी पुऱ्या खाल्ल्या, वर पिठीसाखरेचा हा ढीग.

"आई, खाताना श्वास सोडू नकोस," सुशांत म्हणाला.

"का रे?" असं विचारायला सुलेखाताईंनी तोंड उघडलं आणि सगळी साखर निधीच्या काळ्या कुर्त्यावर.

"घ्या, सासूबाईंनी अक्षता टाकल्या!" निधी हसत सुटली. सूनबाईंची जीभ तिखट, पण मन लोण्याचं.

मग गल्ल्यांतून भटकणं झालं. लोखंडाच्या जाळ्यांचे सज्जे, विणलेल्या लेससारखे. हिरव्या झडपांच्या खिडक्या, खेचराच्या बग्ग्या, कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी कर्णा फुंकतोय. एका जुन्या दफनभूमीच्या भिंतीवरून पांढऱ्या थडग्यांचे माथे दिसत होते, छोटी छोटी घरं असावीत तसे.

"इथे जमिनीत पुरत नाहीत," सुशांतने माहिती दिली. "खणलं की लगेच पाणी लागतं. म्हणून वरच ठेवतात."

"आणि पाण्यातच गेले त्यांना?" सुलेखाताईंनी विचारलं. "बंदर आहे ना हे? त्यांना कुठे ठेवतात?"

"आई, सुट्टीला आलोय यार आपण."

दुपारी एका उपाहारगृहाच्या अंगणात बसले. मध्ये शेवाळलेलं कारंजं, वर केळीची पानं, भिंतींना ओल. राजमा-भात मागवायला निधीने विचारलं, "यात मीट नाही ना?" तर वाढणारी बाई प्रेमाने म्हणाली, "अगदी थोडंसं, बेबी." शेवटी भेंडीची भजी, मक्याचा सांजा आणि पावाचं गोड पुडिंग यावर भागलं.

टेबलाला एक खुर्ची जास्त होती. रस्त्यावरच्या दुकानात मगरीचं वाळवलेलं डोकं पाहिल्यापासून इलाच्या मनात एकच. "आजी, क्रोकोडाइलवालं आख्यान! प्लीज!"

"इथे? अगं, हॉटेल आहे."

"चेअर पण आहे!"

सुलेखाताईंना तेवढंच पुरलं. त्यांनी खुर्ची पदराने पुसली, स्वच्छ रुमाल अंथरला. वाढणारी बाई थबकली. वयस्क, काळी, शांत चेहऱ्याची. "अजून कुणी येणार आहे?"

"यस," सुलेखाताई म्हणाल्या. "गॉड इज कमिंग."

सुशांतने कपाळाला हात लावला. बाई मात्र हसली नाही. तिने खुर्चीवरच्या रुमालाकडे पाहिलं, मग सुलेखाताईंकडे, आणि म्हणाली, "या गावात कुणालाही बोलवण्याआधी नाव घ्यावं, मॅम. नुसती खुर्ची ठेवली तर कुणीही येतं." पण पाण्याचा पेला तिने ठेवला.

सुलेखाताईंना ते इंग्रजी धड कळलं नाही. त्यांनी गुणगुणत आख्यान सुरू केलं. सरोवरात उतरलेला हत्ती, त्याचा पाय धरणारी मगर. हत्ती काठाकडे ओढतोय, मगर खोलाकडे. हत्तीचे सगेसोयरे काठावर उभे, आधी सोंडा लावतात, मग दमतात, मग एकेक जण निघून जातो.

"आजी," इला हळूच म्हणाली, "ही इज हिअर. आला तो. बसला."

सुलेखाताईंच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण आनंदाचा. डोळे भरून आले. "कसे दिसतात गं?"

"ओला आहे. खूप ओला."

"असणारच! सातासमुद्रापलीकडे आलेत, वाटेत पाणी नाही का?" त्यांनी खुर्चीला हात जोडले, पुडिंगचा पहिला घास समोर ठेवला आणि चढ्या आवाजात पुढे निघाल्या. हत्ती एकटा उरला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, पोटापर्यंत आलं, सोंडेच्या टोकापर्यंत—

"आई, बास, बास," सुशांत उठलाच. "बोटीची तिकिटं काढली आहेत. त्याआधी निधीला शॉपिंग करायचंय. बाकीचं हॉटेलवर."

"अरे, असं मध्येच उठू नये. हत्ती पाण्यात आहे."

"हत्ती थांबेल. बोट नाही थांबणार."

मुलाच्या घरी, मुलाच्या गाडीतून आलेलं माणूस. सुलेखाताई उठल्या. उठताना खुर्चीवरचा रुमाल उचलला तर चिंब होता, आणि त्याला नदीच्या गाळाचा वास येत होता. त्यांनी तो पिशवीत टाकला. टाकताना मनात काहीतरी खटकलं, पण निधी पुढे निघालीही होती.

मुखवट्यांच्या दुकानात निधीला मोरपिशी मुखवटा आवडला. तिने तो लावून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "इला, नीट चाल ना गं, पाय काय ओढतेस?"

इला एक पाय मागे घेऊन चालत होती. "माय फूट इज हेवी."

"नवीन बूट चावत असतील," सुशांत म्हणाला.

पुढचं दुकान मिठाईचं. अक्रोडासारख्या पेकान नावाच्या बियांची गुळमट वडी तिथे कढईत घोटत होते. दुकानदाराने चव घ्यायला तुकडे दिले. इलाने दोन मागितले. एक तोंडात टाकला, दुसरा बाजूला हात लांब करून धरला. तिथे कुणी नव्हतं. सुलेखाताई पाहत होत्या. तुकडा इलाच्या हातातून गेला. खाली पडला नाही.

"इला," त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं. आवाज स्वतःलाच ओळखू येईना. "कोण आहे तुझ्याबरोबर?"

"तोच. चेअरवाला."

"त्याला शेपूट आहे का, बाळा?"

"नो!" इलाला हसू आलं. "ही इज जस्ट अ मॅन, आजी. एकच शूज आहे. दुसऱ्या पायाला रोप आहे, दोरी, जाडी. ती मागे मागे रिव्हरपर्यंत जाते. तो म्हणतो, देन व्हॉट हॅपन्ड टु द एलिफंट?"

सुलेखाताई खाली वाकल्या, इलाचा मोजा उतरवला. नाजूक घोट्याभोवती लाल वळ उमटला होता, दोर आवळावा तसा. हात लावला तर पाय बर्फासारखा.

निधी घाबरली. "ॲलर्जी आहे का? सुशांत, अर्जंट केअर बघ ना जवळ." सुशांत फोनमध्ये शोधू लागला. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला, आणि इला दुकानातून बाहेर पडून चालू लागली. नदीच्या दिशेने, पाय ओढत, एक हात बाजूला धरून.

"इला!" निधी धावली. तिने तिला कमरेला धरून उचललं. चिमुरडी पोर, पण निधीला उचलवेना. सुशांतने हात लावला. त्यालाही उचलवेना. दोघं मिळून ओढत होते आणि इला त्यांच्या हातातून इंचाइंचाने पुढे सरकत होती. रडत नव्हती. "तो एकटाच आहे," म्हणत होती. "सगळे गेले. त्याला पुढचं ऐकायचंय."

नदीकाठी उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या होत्या. गढूळ पाणी शेवटच्या पायरीला चाटत होतं. सुलेखाताई धापा टाकत पुढे गेल्या आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्याला पाठ करून, मांडी घालून बसल्या. साडी भिजली. त्यांनी पिशवीतला ओला रुमाल काढून समोरच्या पायरीवर अंथरला.

"बसा," त्या म्हणाल्या. मराठीतच म्हणाल्या. कुणाला म्हणतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. "चूक माझी आहे. मी तुम्हाला हत्तीबरोबर पाण्यात सोडून उठले. मुलीचा पाय सोडा आणि बसा. सगळं सांगते."

"आई, प्लीज, हे काय चाललंय—" सुशांतचा आवाज फाटला.

"तू गप्प बस. तिला धरून ठेव."

आणि त्यांनी आख्यान धरलं. जिथे सोडलं होतं तिथून. सोंडेच्या टोकापर्यंत पाणी आलेला हत्ती आता ओढाताण थांबवतो. आपल्या बळावर सुटत नाही हे त्याला कळतं. तरंगत आलेलं एक कमळ तो सोंडेने उचलतो, आकाशाकडे धरतो आणि हाक मारतो. सुलेखाताईंनी चाल सोडली नाही. बुवा इथे सगळ्या सभेकडून ती हाक म्हणवून घेत असत. ते सांगत, एकट्या हत्तीने मारायची हाक नव्हे ही, ऐकणाऱ्यानेही मारायची.

"नारायण!" सुलेखाताईंनी हाक दिली.

"नारायण!" इलाचा बारीक आवाज आला.

रुमालावर पाणी साचत होतं. बोटीवरचे प्रवासी कठड्याला टेकून बघत होते.

"तुम्हीही," सुलेखाताई रुमालाकडे बघून म्हणाल्या. "नाव येत नसेल तर आपल्या देवाचं घ्या. ज्याचं घेत होता त्याचं. पण हाक मारा. मी थांबते." आणि पुन्हा, "नारायण!"

इलाच्या आवाजाखालून दुसरा एक आवाज आला. जाडा, पाणी भरलेला. शब्द कुणाला कळला नाही. पण लांब होता, आणि त्याच्या शेवटी एक श्वास होता, फार काळ कोंडलेला असावा असा.

इला मागच्या मागे आईबापाच्या अंगावर कोसळली, हलकी, पिसासारखी. "ओव!" म्हणाली आणि भोकाड पसरलं. निधीने तिचा पाय छातीशी धरला. पाय गरम होता.

भोंगा पुन्हा वाजला. बोट काठापासून सुटली. सुलेखाताईंनी देव कसा धावत आला, चक्र कसं सुटलं, हत्ती कसा काठावर आला, सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग हात जोडून त्या उठायला लागल्या.

सुशांतने त्यांचा खांदा दाबून त्यांना परत खाली बसवलं. लहानपणी ओढत नेल्याशिवाय देवळात न येणारा मुलगा. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता आणि समोरच्या रुमालाकडे तो मुद्दाम बघत नव्हता.

"आई," तो कुजबुजला, "आरती राहिली. तो अजून बसलाय. उठू नकोस. ती पण पूर्ण कर."

सुलेखाताईंनी टाळी धरली. सुशांतने धरली, मांडीवर इलाला घेऊन निधीनेही धरली. तिघंही मान वर न करता म्हणत राहिले, शेवटच्या ओळीपर्यंत.