उरलेली नस

"हात हलवू नका हो मावशी," नवी सिस्टर म्हणाली आणि सुई टोचली ती नेमकी नको तिथं.

मावशींनी ओठ घट्ट मिटले. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवलेली ही बाई, बोटात सुई घुसली तरी हूं की चूं करायची नाही. पण मूत्रपिंडांनी हात टेकल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या याच खुर्चीत चार-चार तास रक्त धुवून घ्यायचं नशिबी आलं होतं. डाव्या हाताची नस कधीच कामातून गेली होती. उरली ही उजवी. तीही गेली तर पुढे काय, हे डॉक्टरसुद्धा धड बोलत नव्हते.

"जरा वर टोचायला हवी होतीस गं," त्या हळूच म्हणाल्या.

"माझं काम मला करू द्या ना मावशी. अजून सहा जण खोळंबलेत."

मावशींनी मान खुर्चीला टेकली. यंत्र गुणगुणू लागलं, पापण्या जड झाल्या आणि बघता बघता त्या आपल्या दुकानात पोहोचल्या. गळ्यात टेप, दारात बायकांची ही रांग. "कुठं घट्ट होतंय गं?" त्या एकेकीला विचारत होत्या. कुणी खांद्यात म्हणे, कुणी काखेत. रांग सरली तेव्हा आरशासमोर त्या स्वतःच उभ्या होत्या आणि त्यांना विचारायला दुकानात कुणीच नव्हतं.

कळ आली तसे डोळे खाडकन उघडले. हात टम्म फुगला होता, यंत्र कोकलत होतं. सिस्टर धावत आली. सुई काढून बोळा दाबताना पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मावशींना चांगला सणकून राग आला होता, पण तो तोंडापर्यंत येईना.

"तुम्हीच दाखवा ना मावशी, कुठं टोचू?" ती अगदी रडकुंडीला आली होती.

मावशींनी तिचं बोट धरलं आणि सुजेच्या वर, कोपराजवळ टेकवलं. "डोळे मिट. काय लागतंय?"

"थरथरतंय काहीतरी... मांजर गुरगुरल्यासारखं."

"तेच. ते थांबलं की मी थांबले."

पलीकडच्या खुर्चीवरून कुणीतरी सिस्टरला हाक मारली. "आले," ती म्हणाली. पण डोळे तिने उघडले नाहीत आणि बोटही उचललं नाही.